आदर्श कुटुंबाचे ठेकेदार

‘बायबलमधलं कुटुंब’ नावाचा गुळगुळीत प्रसाद हल्ली व्यासपीठांवरून फार वाटला जातो. एक नवरा, एक बायको, दोन गोंडस मुलं. वाटणाऱ्यांनी ते पुस्तक कधी उघडलंय का, एवढंच मला विचारायचंय.

याकोबाचंच घर घ्या. सख्ख्या बहिणी एकमेकींच्या सवती, वर त्या दोघींच्या दासीही त्याच्याच पदरी. चौघींचे मिळून बारा मुलगे. मुलगी दीना. तिच्यावर अत्याचार झाल्यावर भाऊ तलवारी उपसतात, बाप आणि भाऊ वाद घालतात. दीनाच्या तोंडी मात्र अख्ख्या कथेत एक वाक्य नाही.

प्राचीन इस्राएलात कुटुंब म्हणजे ‘बापाचं घर’. त्यात मुलगे, सुना, नातवंडं, दासदासी, गुरं आणि सगळ्यांच्या वर जमीन. निपुत्रिक मेलेल्याच्या विधवेशी दिराने लग्न करायचं ते तिच्या सुखासाठी नव्हे. मेलेल्याचं नाव चालावं म्हणून. तामारेला हा हक्क सासरा यहूदाने नाकारला, थापा मारून माहेरी बसवलं. तिने वेश्येचा वेष घेतला आणि थेट सासऱ्यापासूनच गर्भ मिळवला. सून गरोदर आहे म्हटल्यावर सासरेबुवा गरजले, जाळा हिला! तिने शांतपणे त्याचीच मुद्रा आणि काठी पुढे केली. दावीद राजा याच वंशातला. हा अध्याय कौटुंबिक मेळाव्यात वाचलेला मी तरी ऐकला नाही.

सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेकडे बापाचा वाटा मागितला आणि मिळवला, यावर मात्र हमखास टाळ्या पडतात. ‘गणना’ या पुस्तकाच्या ३६व्या अध्यायापर्यंत कोण जातो? तिथे अट येते: लग्न आपल्याच वंशात करा. पाचही जणींनी चुलतभावांशी लग्नं केली. जमीन जागची हलली नाही.

बरं, सगळीकडे हेच होतं म्हणावं, तर तेही नाही. इ. स. पूर्व पाचव्या शतकात नाईलमधल्या एलेफंटाइन बेटावर यहुदी सैनिकांची वसाहत होती. तिथल्या पपायरसवरच्या विवाहकरारांत बायकोलाही मंडळीसमोर उभं राहून काडीमोड जाहीर करण्याचा हक्क आहे. मिब्टाह्या नावाच्या बाईकडे बापाने दिलेलं घर होतं.

कोरडवाहू डोंगरावर पोट भरणाऱ्या त्या इस्राएली माणसांवर माझा राग नाही. त्यांनी जगण्यापुरती व्यवस्था उभी केली. राग आहे तो तिला सोवळं नेसवून सुनांना धाक घालणाऱ्यांवर. वक्तेहो, पुढच्या खेपेला आधी उत्पत्तीचा ३८वा, तामारेचा अध्याय मोठ्याने वाचा. संस्कारांचं मग बोला.