मंद बॅट, अव्वल फलंदाज

अमेरिकेंत बेसबॉल शिकणाऱ्या मुलांच्या बॅटीच्या मुठीस हल्लीं एक चिमुकलें यंत्र जोडतात. बॅट किती वेगानें व कोणत्या कोनांत फिरली, हें तें क्षणांत सांगतें. मोठ्या सामन्यांत हेंच काम कॅमेरे करितात. तेथील आंकडे 2024 सालीं जाहीर झाले आणि प्रतवारीहि ठरली: ताशीं 75 मैल वा अधिक वेग असेल तोच फटका 'वेगवान'.

मापनाशीं आमचें भांडण नाहीं. मापालाच गुण मानण्याशीं आहे. लुईस अराएझ ह्याच्या बॅटीचा वेग 63 मैलांच्या आसपास, म्हणजे यादीच्या अगदीं तळाशीं. परंतु ह्याच गृहस्थानें 2022, 2023 व 2024 अशीं लागोपाठ तीन वर्षें, तीन निरनिराळ्या संघांकडून, आपापल्या लीगमध्यें सरासरीचा पहिला मान मिळविला! 2024 सालीं हजार प्रयत्नांमागें त्याचे यशस्वी फटके 314 पडले. 81 मैल वेगाच्या जियानकार्लो स्टँटनचे 233.

प्रतिपक्षी म्हणतील, स्टँटनचे होम रन 27 आणि अराएझचे अवघे 4. हें आम्हांस मान्य आहे. वेगाचें फळ तें हेंच. पण चेंडू नेमका गांठण्याची नजर हा निराळा गुण आहे, आणि मुठीवरील यंत्रास तर चेंडू दिसतहि नाहीं!

म्हणून शिक्षकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, आंकडा अवश्य वाचावा. मात्र एखाद्या पोरावर 'मंद' असा शिक्का मारण्यापूर्वीं त्याचा चेंडू कोठें जातो, तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें.