मोटारसायकल आणि कुलपाचा कान

बेल्लमपल्लीसारख्या कोळशाच्या गावात एखाद्या कुटुंबाचा प्रपंच कसा चालला आहे हे जाणून घ्यावयाचे असेल, तर त्याच्या दाराशी उभी असलेली मोटारसायकल पाहावी. एके काळी हा मान सायकलीला होता. आज खाणीवरची पाळी, मुलीचे महाविद्यालय, आठवड्याचा बाजार, शेतावर न्यावयाचे खताचे पोते आणि वृद्ध मातापित्यांची मंचेरियालच्या दवाखान्यापर्यंतची ने-आण, हे सारे याच दोन चाकांवर चालते. गाडी बहुधा हप्त्यांवर घेतलेली असते. ती चोरीस गेली तर केवळ एक वस्तू जात नाही. वस्तू जाते आणि हप्ता राहतो. ज्या घरात महिन्याचा पैसा मोजून-मापून वापरला जातो, त्या घरास हा दुहेरी आघात वर्ष-दोन वर्षे सावरू देत नाही.

व्हित्तोरिओ डी सिका या इटालियन दिग्दर्शकाने १९४८ साली 'बायसिकल थीव्हज' हा चित्रपट काढला. १९५२ साली भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला आणि बिमल रॉय यांना 'दो बिघा जमीन'ची प्रेरणा त्यातून मिळाली, हे अनेक वाचकांस ठाऊक असेल. भिंतींवर जाहिराती चिकटविण्याची नोकरी मिळालेला एक बेकार मनुष्य. नोकरीची अट एकच, सायकल हवी. पत्नी घरातील चादरी गहाण टाकून ती सायकल सोडवून आणते आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीस जाते. पोलीस तक्रार लिहून घेतात, शोध मात्र तुम्हीच घ्या म्हणतात. दिवसभर रोम शहर पालथे घातल्यावर हताश झालेला तो पिता आपल्या लहानग्या मुलाच्या देखत दुसऱ्याची सायकल पळविण्याचा प्रयत्न करतो. वाहनाची चोरी ही साध्या माणसाच्या उपजीविकेची चोरी असते, हे इतक्या थोड्या शब्दांत सांगणारी दुसरी कलाकृती प्रस्तुत लेखकास तरी माहीत नाही.

चोरास काय हवे असते? गाडी, असे उत्तर आपण चटकन देऊ. वास्तविक त्यास प्रथम वेळ हवा असतो. आपल्याकडे कोणी पाहत नाही असे एखादे मिनिट, आणि मालक परत येईपर्यंतचे काही तास. पहिला वेळ त्यास अंधार किंवा गर्दी देते. दुसरा वेळ आपली दिनचर्या देते. शांतिखनीसारख्या भूमिगत खाणीत उतरलेला कामगार पाळी संपल्यावाचून वर येत नाही, हे साऱ्या गावास ठाऊक असते. म्हणजे त्याची गाडी आठ तास त्याच जागी उभी राहणार, हे जणू फळ्यावर लिहून ठेवल्यासारखेच झाले. सकाळच्या गाडीने कागजनगरला किंवा मंचेरियालला नोकरीस जाऊन सायंकाळी परतणाऱ्यांचेही तेच. स्थानकाबाहेर, त्याच झाडाखाली, त्याच वेळी, रोज. शिक्षकही यास अपवाद नाहीत. शाळेची घंटा तर सर्वांना ऐकू जाते. म्हणून पैसे देऊन उभी करण्याची राखीव जागा जवळ असेल, तर चार-दोन रुपये वाचविण्यासाठी गाडी बाहेर लावणे यात काटकसर नाही. तशी सोय नसेल तेथे निदान जागा बदलत राहावी, पहारेकऱ्याच्या किंवा चहाच्या टपरीच्या नजरेच्या टप्प्यात राहावे, आणि ओळखीच्या दोघांनी आपल्या गाड्या एकाच साखळीत अडकवून ठेवाव्यात. एक गाडी ओढून नेता येते. दोन जोडलेल्या गाड्या नेणे फार कठीण.

येथे भाषेची एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. आपण ज्यास कुलूप म्हणतो तो शब्द अरबीतील 'कुफ्ल'वरून आपल्याकडे आला, आणि चावी आली पोर्तुगीजांकडून. तेलुगू शेजारी कुलपास 'ताळम्' म्हणतात. आपल्या 'टाळेबंदी'तील टाळे त्याचेच सगोत्र दिसते. परंतु किल्लीस तेलुगूत जो शब्द आहे तो मोठा मार्मिक: 'ताळम् चेवि', म्हणजे कुलपाचा कान! कान पिरगळला की कुलूप मुकाट्याने ऐकते. दुर्दैवाने जुन्या कुलपास कोणीही कान पिरगळलेला चालतो. पूर्वीच्या जावा मोटारसायकलची किल्ली दिसावयास एखाद्या जाड खिळ्यासारखीच असे. आजच्या किल्ल्या खाचांच्या असतात, तथापि दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाडीत किल्लीच्या खाचाही झिजतात आणि कुलपातील पत्र्याही. मग शेजाऱ्याच्या गाडीची किल्ली आपल्या गाडीस लागते आणि आपण हसून ती गोष्ट चारचौघांत सांगतो. ती हसण्याची गोष्ट नव्हे. त्याच आठवड्यात इग्निशनचे कुलूप बदलून घ्यावे. चोरीच्या तुलनेत हा खर्च अगदी किरकोळ आहे.

हँडल लॉक हा प्रत्येक गाडीत असतो आणि पुष्कळांचा भरवसा तेवढ्यावरच असतो. त्याची रचना पाहिली तर हा भरवसा किती तोकडा आहे हे कळते. हँडलच्या दांड्यास अडविणारा तो एक छोटासा खिट्टीवजा तुकडा. दणकट माणसाने दोन्ही हातांनी जोराचा हिसडा दिला की तो तुटतो, आणि पुढे इग्निशनच्या तारा जोडण्यास जाणत्या हातास फार वेळ लागत नाही. म्हणून हँडल लॉक लावावाच, परंतु त्याच्या जोडीस दुसरे कुलूप हवे. पुढच्या चाकास डिस्क ब्रेक असेल तर डिस्कचे कुलूप मिळते. ते लावल्यावर हँडलला एखादी रंगीत दोरी बांधून ठेवावी, नाहीतर विसरून गाडी सुरू करणारा मालकच प्रथम आडवा होतो. साखळी लावावयाची तर ती खांबासारख्या स्थिर वस्तूस लावावी. नुसत्या चाकात घातलेली साखळी चाक फिरू देत नाही, परंतु गाडी उचलून टेम्पोत टाकणाऱ्यास ती काय करणार? साखळी जमिनीवर लोळतही ठेवू नये, कारण जमिनीचा आधार मिळाला की हातोडी आणि छिन्नी यांचे काम सोपे होते.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत पेट्रोलचा कॉक बंद करून ठेवण्याची आमच्या पिढीची युक्ती होती. गाडी थोडे अंतर जाऊन बंद पडे. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले, तेव्हा ती युक्ती आता जुन्यांपुरतीच उरली. तिच्या जागी विश्वासातील मेकॅनिककडून एखादे गुप्त बटण बसवून घेता येते. ते दाबल्यावाचून विद्युतप्रवाह पुढे जात नाही. जागा दिखाऊ नसावी, आणि ती घरातील दोघांपलीकडे कोणास सांगू नये. गाडी कोठे आहे हे मोबाईलवर दाखविणारे जीपीएस यंत्रही मिळते. ते उपयोगी आहे, पण त्याचे सिम कार्ड चालू ठेवावे लागते हे लोक दोन महिन्यांत विसरतात. यांतील कोणताही उपाय अभेद्य नाही. प्रत्येकाने चोराची एक-दोन मिनिटे जास्त खर्ची पडतात, आणि ओळीत उभ्या असलेल्या वीस गाड्यांतून तो सोपी असेल ती उचलतो.

केस्लापूरची नागोबाची जत्रा, बासरचे सरस्वती-दर्शन, चैत्रातील चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा, आणि सीमेपलीकडील नातलगांची लग्ने, या प्रसंगी आपण वर्षभराची सावधगिरी घरी ठेवून जातो. मंगल कार्यालयाबाहेर शेकडो गाड्यांत एक गाडी कोणी नेली तर ती त्याची नव्हे असे कोण म्हणणार? गर्दी ही साक्षीदार असते असा आपला समज आहे. बहुधा ती पडदा असते.

आता एका अप्रिय विषयाकडे वळणे भाग आहे. आमच्या एकेका गल्लीत एपी ०१, टीएस ०१, टीएस १९ आणि टीजी १९ अशा चारही पाट्यांच्या गाड्या नांदतात. २०१४ साली राज्य बदलले, ११ ऑक्टोबर २०१६ रोजी आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन आपण मंचेरियाल जिल्ह्यात आलो, आणि मार्च २०२४ पासून टीएसचे टीजी झाले. त्यांच्या शेजारी चंद्रपूरच्या पाहुण्यांची एमएच ३४ उभी असते. प्राणहितेच्या दोन्ही तीरांवर आपली सोयरीक आहे, त्यामुळे परराज्यातील पाटी पाहून येथे कोणाची भुवई उंचावत नाही. याच गोष्टीचा लाभ घेऊन कोणी तरी गाडी दाखवितो: निम्म्या किमतीत, कागद मागाहून देतो, भाऊ सैन्यात आहे, आई दवाखान्यात आहे. आणि एरवी मुलांना पेन्सिलही परत करावयास लावणारी सज्जन माणसे ती घेतात. चोर स्वतः बसून फिरण्यासाठी गाडी चोरीत नाही. तो ती आपल्याला विकण्यासाठी चोरतो. गिऱ्हाईक नसेल तर त्याचा धंदा चार दिवस चालणार नाही.

कौटिल्याने हे ओळखले होते. अर्थशास्त्राच्या 'कंटकशोधन' या अधिकरणात त्याने बाजारावरील अधिकाऱ्यास सांगून ठेवले आहे की, स्वामित्व सिद्ध झाल्यावाचून जुनी वस्तू विकू देऊ नये आणि गहाणही ठेवू देऊ नये. आजचा कायदाही निराळे सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आणि चोरीचा माल आहे हे जाणून, अथवा तसे मानण्यास कारण असताना, तो घेणाऱ्यास कलम ३१७ नुसार तितकाच. निम्मी किंमत आणि नसलेले कागद हे 'मानण्यास कारण' नव्हे, असे न्यायाधीशापुढे कोणत्या तोंडाने सांगणार? जुनी गाडी घेताना चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाकून पाहावेत. चेसिस नंबर बहुधा हँडलखालच्या मानेवर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. आकडे खरवडलेले किंवा वेडेवाकडे असतील तर तेथूनच परतावे. हे क्रमांक नोंदणीशी जुळतात काय हे परिवहन खात्याच्या संगणकीय नोंदीत दिसते, आणि गाडी चोरीस गेलेल्यांच्या यादीत आहे काय हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या सेवेतून पाहता येते. परराज्यातील गाडी असेल तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागावे. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांवर उच्च सुरक्षा पाटी असते. ती काढावयाची तर तिचे बंद तोडावे लागतात. अशा गाडीवर साधी रंगविलेली पाटी दिसली तर विचारण्याचा आपणास हक्क आहे.

एवढे करूनही गाडी गेली तर? प्रथम ११२ वर कळवावे आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात प्राथमिक माहिती अहवाल नोंदवावा. घटना कोणत्याही हद्दीतील असो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. चंद्रपूरच्या लग्नात गाडी गेली म्हणून बेल्लमपल्लीस परतेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जवळच्या दुकानांतील कॅमेऱ्यांचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते ताबडतोब पाहण्याची विनंती करावी. विमा कंपनीस आणि परिवहन कार्यालयासही लेखी कळवावे.

विम्याविषयी मोठा गैरसमज आहे. पोलीस रस्त्यात जो विमा तपासतात तो तृतीय पक्षाचा. त्यातून चोरीची भरपाई एक पैसाही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या वाहनाच्या हानीचा विमा निराळा घ्यावा लागतो, आणि पहिले वर्ष संपल्यावर तोच भाग पुष्कळ घरांतून वगळला जातो. भरपाई मिळते तीही घोषित मूल्याइतकी. पाचव्या वर्षी ते मूळ किमतीच्या निम्मेच उरते, आणि कर्ज बाकी असेल तर पैसा आधी सावकाराकडे जातो. दावा करताना बहुतेक कंपन्या दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. आमच्या परिचयातील एका कामगाराची दुसरी किल्ली घराच्या स्थलांतरात हरवली होती. गाडी चोरीस गेल्यावर ती किल्ली चोराच्या हाती गेली नव्हती हे सिद्ध करण्यात त्याचे कित्येक महिने गेले. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर तशीच चालू ठेवलेली असेल तर अडचण आणखी वाढते.

न्यायालये मात्र ग्राहकाकडे सहानुभूतीने पाहतात. एका ट्रॅक्टरच्या चोरीत मालकाने पोलिसांत लगेच वर्दी दिली, पण कंपनीस ५२ दिवसांनी कळविले. केवळ या विलंबासाठी दावा नाकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला. २०२३ मधील दुसऱ्या प्रकरणात चालक किल्ली ट्रकमध्येच ठेवून पत्ता विचारण्यास उतरला आणि ट्रक गेला. तेथे न्यायालयाने भरपाई पूर्णपणे बुडू दिली नाही, पंचाहत्तर टक्के दिली. उरलेले पंचवीस टक्के त्या किल्लीचे.

गाडी सापडली तर ती ठाण्याच्या आवारात ऊन-पाऊस खात गंजत पडावी असे नाही. 'सुंदरभाई अंबालाल देसाई' या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी वाहने दीर्घकाळ अडकवून ठेवू नयेत असे सांगितले आहे. नोंदणीपुस्तक, विमा आणि ओळखपत्र घेऊन दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की ती सुपूर्तनाम्यावर मिळते. खटला संपेपर्यंत ती विकू नये, रंग बदलू नये आणि बोलावतील तेव्हा हजर करावी, अशा अटी सामान्यतः असतात. चालविण्यास मात्र हरकत नसते.