नऊ मीटर कुठे आहेत, ते दाखवा



‘पार्किंगची जागा नसेल तर गाडीची नोंदणी नाही’ असे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ च्या मे महिन्यात जाहीर केल्यापासून कोंडीचा दोष कोणाच्या माथी मारायचा, हे जणू ठरूनच गेले आहे. लोक गाड्या फार घेतात! या आठवड्यात ठाण्यातल्या नौपाडा-पाचपाखाडीच्या पुनर्विकासावरून पुन्हा वाद पेटला आणि पुन्हा हेच ऐकावे लागले. गाड्या वाढल्या, हे कोणी नाकारत नाही. पण ज्या गल्लीत त्या उभ्या राहतात, ती गल्ली कागदावर किती रुंद आहे आणि जागेवर किती, हा प्रश्न महापालिकेला कोणी विचारत नाही.

सगळा खेळ नऊ मीटरचा आहे. २०१६ च्या टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) धोरणाने नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवर टीडीआर बंद केला आणि जुन्या ठाण्यातला पुनर्विकास अडला. मग सहा मीटरचे रस्ते दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर वाढवून नऊ मीटरचे करण्याची टूम निघाली. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीतही तीच रेघ कायम आहे. दाट वस्तीचा शिक्का नसलेल्या भागात रस्ता नऊ मीटरच्या आत असेल तर एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) १.१ वर थांबतो. नऊ मीटर झाला की अधिमूल्य भरून ०.५ आणि टीडीआरचा ०.४ मिळून तो दोनवर जातो, आणि निवासी इमारतीला त्यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय अधिमूल्य भरून घेता येतो. म्हणजे कागदावरच्या तीन मीटरवर सारे मजले चढतात.

ते तीन मीटर येतात कुठून? ज्या सोसायटीचा पुनर्विकास होतो, तिची भिंत दीड मीटर मागे जाते. शेजारची सोसायटी अजून करारावरच भांडत असते. तिची भिंत जागच्या जागी. पलीकडच्या इमारतीत पागडीचा वाद, तिथे कोणी हात लावत नाही. रस्ता रुंद होतो तो पडक्या दातांच्या बत्तिशीसारखा, एक आत, एक बाहेर. आत गेलेल्या फटीत दुसऱ्याच दिवशी दोन मोटारी आणि इस्त्रीवाल्याची टपरी येते. वाहतुकीच्या वाट्याला त्यातले वीतभरही येत नाही.

खरे तर नियमावलीतच अट आहे की असे रुंदीकरण एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत व्हायला हवे, एका भूखंडापुरते नव्हे. अट शहाणपणाची आहे. ती पाळली गेली असे ठाण्यातले किती रस्ते आहेत? विष्णुनगर, घंटाळी, भास्कर कॉलनी, ब्राह्मण सोसायटी. यांतल्या कोणत्याही गल्लीत नगररचना विभागाच्या अधिकाऱ्याने टेप धरून चौक ते चौक चालून दाखवावे.

आणि समजा, नऊ मीटर खरोखरच मिळाले. दोन्ही बाजूंना दीड मीटरचा पदपथ वजा केला की उरतात सहा. दोन्हीकडे मोटारी लागल्या तर आणखी चार गेले. उरलेल्या दोन मीटरमधून अडीच मीटर रुंदीचा अग्निशमन बंब कसा जाणार, हे नकाशे मंजूर करणाऱ्यांनी सांगावे. पी-वन, पी-टूच्या (सम-विषम तारखांच्या) पाट्या पाळल्या आणि एकाच बाजूला गाड्या उभ्या राहिल्या, तरी चार मीटरच मोकळे राहतात. त्यात स्कूलबस, रिक्षा, पाण्याचा टँकर आणि बांधकामाचे डंपर.

नव्या इमारतीत पोडियम असतो, यांत्रिक पार्किंग असते, नियमाप्रमाणे गाड्यांची जागाही दाखवलेली असते. पण ती उभ्या गाडीची सोय झाली. जिथे सोळा बिऱ्हाडे होती तिथे पन्नास आली, तर त्या पन्नास घरांच्या गाड्या सकाळी फाटकातून बाहेर पडणार त्याच गल्लीत. भूखंडाचे पार्किंग मोजतात, गल्लीची वाहतूक मोजत नाहीत. ठाणे स्टेशनजवळ सॅटिस (स्टेशन परिसर वाहतूक सुधारणा प्रकल्प) बांधले, गावदेवी मैदानाखाली भुयारी वाहनतळ केला, कल्याण स्टेशनाबाहेरही सॅटिसचा पूल हाती घेतला. पैसा सगळा स्टेशनाभोवती. गोखले रोडला येऊन मिळणाऱ्या गल्ल्यांकडे किंवा डोंबिवलीच्या फडके रोडच्या मागच्या बोळांकडे बघायला कोणाला सवड नाही.

पुनर्विकास नको, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. २०१५ साली २८ जुलैला ठाकुर्लीत आणि ४ ऑगस्टला नौपाड्यात, बी केबिनजवळ, इमारती कोसळून माणसे गेली. ते आठ दिवस ठाणे जिल्हा विसरलेला नाही. धोकादायक इमारतीत जीव मुठीत धरून राहणाऱ्याला पक्के घर मिळालेच पाहिजे. पण त्याच्या जिवाची ढाल करून अरुंद गल्लीत मजल्यावर मजले चढवायचे आणि बंब आत शिरणार नाही अशी व्यवस्था करायची, हा कुठला न्याय?

जाब विचारायचा कोणाला, हाही प्रश्नच होता. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ठाण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासकच कारभारी. नवी नियमावली आल्यानंतरचा पुनर्विकासाचा धडाका नेमका याच काळातला. ना सभागृह, ना लक्षवेधी, ना प्रश्नोत्तरे. मालमत्ता कराची बिले मात्र या काळात एकदाही चुकली नाहीत.

दोन्ही महापालिकांनी आता एक साधी यादी जाहीर करावी. रस्त्याचे नाव, मंजूर रुंदी, चौक ते चौक प्रत्यक्ष मोजलेली रुंदी आणि त्या रस्त्यावर आजवर दिलेल्या पुनर्विकासाच्या परवानग्या. ही यादी संकेतस्थळाच्या कोपऱ्यात न दडवता प्रभाग कार्यालयाच्या दारावर लावावी, आणि ज्या रस्त्याची मोजलेली रुंदी नऊ मीटर भरत नाही, तिथली पुढची परवानगी रुंदीकरण पूर्ण होईपर्यंत थांबवावी. गाडी घेणाऱ्याकडे जागेचा दाखला नंतर मागता येईल.

एक वाचक, ठाणे (पश्चिम)