शांत बसलाय म्हणे!

मंडळी, अमेरिकेतल्या आपल्या गोतावळ्यात सध्या पोरांसाठी शॅमेलिऑन आणायची टूम निघाली आहे. आणला की फोटोखाली ठरलेलं वाक्य: "कित्ती शांत आहे! अजिबात त्रास नाही."

माझं डोकं फिरतं ते इथेच.

अहो, तो शांत नाही, तो दुखणं लपवतोय! रानात जो आजारी दिसला तो कुणाच्या तरी पोटात गेला. त्यामुळे शेवटपर्यंत काही दाखवायचं नाही हा त्याचा स्वभावच. आपल्याला मलूल दिसेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो. भरदिवसा डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन आजारीच धरायचा. उलट हात जवळ नेताच फुगून फिस्कारणारा तो धडधाकट असण्याची शक्यता जास्त. येमेन-सौदीकडचा व्हेल्ड शॅमेलिऑन, जो तिथे सर्रास विकला जातो, तो तर मुळातच तापट.

बरं, रंगावरूनही ठरवू नका. ऊन, थंडी, भीती, राग.. रंग सगळ्यानेच बदलतो. डोळे बघा. खोबणीत खोल गेले असतील तर अंगातलं पाणी कमी झालंय. हा वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. भरलेल्या वाटीशेजारीही तहानलेला राहू शकतो! विष्ठेसोबतचा पांढरा भाग नारिंगी दिसला तरी तेच कारण. पाय वाकलेत, जबडा मऊ लागतोय, फांदीवरची पकड ढिली आहे? मग हाडं ठिसूळ होतायत. कॅल्शियम हवं आणि यूव्हीबीचा खास दिवा हवा. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने ते भागत नाही, काच यूव्हीबी अडवते. उकाडा नसताना मान वर करून तोंडाने श्वास घेत असेल, तोंडाशी बुडबुडे येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि हे सगळं दुकानातच बघायचं, पैसे देण्याआधी. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात विष्ठा तपासून घ्यायची, कारण पोटातले जंत बाहेरून दिसत नाहीत. तेही सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरकडे.

यावर हमखास येणारं उत्तर: "प्राण्यापेक्षा डॉक्टरच महाग पडतो!" पडतो ना! मग आणू नका. नीट सांभाळला तर पाच-सात वर्षं जगणारा जीव आहे तो, मेला की नवा आणायचं खेळणं नव्हे. पोरं आपल्याकडे बघूनच शिकतात, की स्वस्तात मिळालेल्या जिवाची किंमतही तेवढीच असते.

भारतात तर आपला घोयरा सरडा पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. तो झाडावरच छान दिसतो.

असो. रागावलात तरी चालेल, पण आज घरी गेल्यावर त्याचे डोळे तेवढे बघा.