खड्ड्याआधी सावली मोजा



रविवारच्या पुरवणीत बोलिव्हियातल्या ‘वालिपिनी’वर, म्हणजे जमिनीत खड्डा खणून वर प्लास्टिक ताणलेल्या हरितगृहावर, लेख वाचला. तीच रचना जशीच्या तशी लडाखमध्ये करावी आणि पुढे नाशिककडेही आणावी, हे काही पटलं नाही.

बोलिव्हियाचं पठार विषुववृत्तापासून सोळा-सतरा अंशांवर. तिथे ऐन हिवाळ्यातही दुपारचा सूर्य सुमारे ५० अंश वर असतो. लेह ३४ अंश उत्तरेला. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य जेमतेम साडेबत्तीस अंश चढतो. म्हणजे ३ फूट खोल चराच्या दक्षिण काठाची सावली तळावर पावणेपाच फूट पसरते. चर १० फूट रुंद असेल, तर निम्म्याहून थोडी कमी जागा दुपारीही उन्हाला पारखी. बोलिव्हियात एवढ्याच खोल चराची सावली अडीच फुटांत आटोपते.

‘जमीन ऊब देते’ हे वाक्यही अर्धंच खरं. खोल मातीचं तापमान त्या गावच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास असतं आणि लेहची सरासरी एक आकडीच आहे. माती गोठू देत नाही, एवढंच. ऊब द्यायची ती उन्हानेच.

लेहमध्ये डीआरडीओच्या संस्थेने चरातली हरितगृहं रुजवली, हे खरं. स्वस्त आहेत, पालेभाजी निघते. पण जिथे थोडा जास्त खर्च झेपतो तिथे पूर्व-पश्चिम लांब, दक्षिणेला तोंड करून बांधलेलं घर बरं. उत्तरेची भिंत कच्च्या विटांची, दुहेरी, मधल्या पोकळीत गवत. आतून काळी रंगवलेली. ती दिवसभर ऊन साठवते आणि रात्री सोडते. अंधार पडला की प्लास्टिकवर पांघरूण हवंच. ते नसलं तर भिंतीने साठवलेलं सगळं आभाळात जातं. मातीचा आधार हवाच असेल, तर हीच भिंत डोंगरउतारात बसवावी. माती गोठू देत नाही, दक्षिण मोकळी राहते.

नाशिकबद्दल एवढंच, की निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या थंडीच्या काही रात्री. उरलेलं वर्ष आपली पॉलिहाउसं उन्हाने भाजतात आणि तीन फुटी खड्ड्यात जुलैत काय साठेल, हे शेतकऱ्याला विचारून पाहा.

पुढच्या लेखासोबत हरितगृहाचा आडवा छेद जरूर छापा. त्यावर गावाचा अक्षांश आणि डिसेंबरातल्या सूर्याचा कोन लिहिलेला असावा.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे