अर्धा तास, नो काम!

आधी कबुली. २०२४च्या दिवाळीला मी घरी गेले नाही. प्रोजेक्टचं रिलीज, तिकिटाची बोंब, वगैरे वगैरे. आपल्या सगळ्यांकडे ही कारणं कायम तयारच असतात, नाही का? आई फोनवर म्हणाली, ‘‘असू दे.’’ मीही ते ‘असू दे’ खरं मानून मीटिंगला पळाले.

डिसेंबरच्या सुट्टीत मात्र विदर्भ एक्स्प्रेसने गोंदिया गाठलं. सोबत माझी ठाणेकर टीममेट. बेत साधा होता. नागझिऱ्यात वाघ बघायचा, आईच्या हातचं खायचं आणि लोळायचं.

आईने दारातच चौकशी सुरू केली. आडनावाच्या शेवटी ‘कर’ ऐकून म्हणाली, ‘‘म्हणजे कोकणातली काय वं तू?’’

‘‘हो काकू, अलिबागकडची. आम्ही बेने इस्राएल. म्हणजे ज्यू.’’

आईने क्षणभर विचार केला आणि विचारलं, ‘‘मराठी तर छान बोलतेस की!’’

तर, तो दिवस होता २५ डिसेंबर. जगासाठी ख्रिसमस, पण त्या वर्षी हनुकाही त्याच संध्याकाळी सुरू होत होता. आणि मॅडम आपली हनुकिया, म्हणजे नऊ दिव्यांची दिवठणी, ठाण्यालाच विसरून आल्या होत्या. आजोबांनी घरीच केलेली. लाकडी पट्टीवर लोखंडी नट बसवलेले आणि प्रत्येक नटात एक मेणबत्ती. बिचारीचा चेहरा पडला.

आई आत गेली आणि एक खोका घेऊन आली. कोऱ्या पणत्या! दिवाळीच्या. एकटीसाठी कशाला लावायच्या म्हणून तशाच राहिलेल्या. मी गप्प.

मग अंगणात आमचं प्रॉडक्शन सुरू झालं. एका फळीवर आठ पणत्या, एका रेषेत, एकाच उंचीवर. नववी उपड्या वाटीवर, जरा वर. तिचं नाव ‘शमाश’, म्हणजे सेवक. बाकीचे दिवे तिच्यावरून पेटवायचे. रोज एक दिवा वाढवायचा. पहिल्या दिवशी शमाश आणि एक, आठव्या दिवशी सगळे. तेल? शक्यतो ऑलिव्हचं, पण जळणारं कुठलंही चालतं. आमच्या घरी होतं जवसाचं.

‘‘एवढ्या मांडल्या अन् दोनच लावल्या?’’ आईला ते काही पटेना.

मग गोष्ट निघाली. इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमाराला ज्यूंनी जेरुसलेमचं मंदिर ग्रीक राजवटीकडून परत मिळवलं. दिव्यापुरतं शुद्ध तेल उरलं होतं एका दिवसाचं, ते पुरलं आठ दिवस. म्हणून आठ दिवे आणि तळणीचे पदार्थ. तिकडे बटाट्याचे ‘लाटके’ करतात. आईने लगेच आलूबोंड्यांचा घाणा काढला. बटाटा आहे, तेल आहे, अजून काय पाहिजे?

पण खरी गंमत पुढे आहे. बेने इस्राएल कोकणात तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. आणि या तेल्यांना तेलाचा हा सण पूर्वी माहीतच नव्हता! अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. त्यांचे पूर्वज हनुका सुरू होण्याआधीच मायदेशातून निघाले होते, असंही सांगतात. बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर मग हा सण त्यांच्या घरात आला. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. आज भारतातले सगळे ज्यू मिळून काही हजारच. म्हणजे उशिरा शिकलेला सण, आणि साजरा करायला घरात मोजकीच माणसं. तरी आजोबांनी नट गोळा करून हनुकिया केलीच ना!

दिवे लागल्यावर मी सवयीने लॅपटॉप उघडला. मैत्रीण म्हणाली, ‘‘या दिव्यांच्या उजेडात काम करायचं नसतं. नुसते बघायचे. आणि ते जळत असतात तोवर बायकांनी घरकामाला हात लावायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. निदान अर्धा तास.’’

आईने हातातला झारा खाली ठेवला. खरंच ठेवला! माझ्या आठवणीत संध्याकाळच्या वेळी आई अर्धा तास नुसती बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. दहा मिनिटं कोणीच बोललं नाही. मग आई पणत्यांकडे बघत म्हणाली, ‘‘दिवाळीत सात वाजताच झोपली होती मी.’’

यावर ‘सॉरी’ पुरतं का? मी तिचा हात धरून बसून राहिले.

पुढच्या तीन संध्याकाळीही तेच. दिवा एक वाढायचा, गप्पा दहाने. वाघ दिसला नाही, पण कोणी तक्रारही केली नाही.

रविवारी निघताना आईने नऊ पणत्या पेपरात गुंडाळून मैत्रिणीच्या बॅगेत कोंबल्या. ‘‘आजचा पाचवा. गाडीत कसा लावशील?’’

‘‘घरी मम्मी लावेल ना, काकू. माझ्याही वाटचा.’’

आईने मान डोलावली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘तुझ्या वाटचा मी नाही लावणार हं. तू येऊन लाव.’’

दिवाळीची तिकिटं साठ दिवस आधी सुटतात. मी मोबाइलवर रिमाइंडर लावलाय. तुम्ही?