परतावा म्हणजे बोनस नव्हे, आपलेच पैसे



परवा आपला एक सभासद ऑफिसात हसत हसत आला आणि मोबाईल पुढं धरला. खात्यात ७,२०० रुपये जमा झाल्याचा मेसेज होता. इन्कम टॅक्सचा परतावा. "सेक्रेटरी, गणपतीनं पाठवलेत बघा! टीव्ही मोठा घ्यायचा ठरवलाय."

मी म्हटलं, गणपतीनं नाही पाठवले. तुझेच पैसे तुला परत आलेत.

हा गडी पावसाळा सोडला तर मलप्रभेवर जाळं टाकतो आणि त्याची पिकअप गोव्यात एका कंत्राटदाराकडं लावलेली आहे. महिन्याला ६०,००० रुपये बिल. त्यातून शेकडा १ रुपया टीडीएस कापून घेतात. वर्षाचे झाले ७,२००. डिझेल, हप्ता, ड्रायव्हर जाऊन त्याच्या हातात जे उरतं त्यावर कर बसतच नाही. रिटर्न भरलं, पैसे परत आले. म्हणजे हे पैसे वर्षभर त्याच्याच घामाचे होते, फक्त दुसऱ्याच्या खिशात होते. आपल्याला मात्र ते फुकट मिळाल्यासारखे वाटतात, आणि फुकटचे समजून उडवतो. माझं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे.

आता पुढचं ऐका. ह्याच सभासदानं जाळ्यासाठी व्यापाऱ्याकडून २०,००० उचलले आहेत, महिन्याला शेकडा ३ रुपये व्याजानं. महिन्याचं व्याज ६००. वर्षाचं किती? ७,२००. बरोबर परताव्याएवढंच! सरकारकडून आलेली रक्कम आणि सावकाराला जाणारी रक्कम सारखीच. टीव्ही घेतला तर टीव्ही घरात आणि व्याज चालूच. तेच पैसे मुद्दलात भरले तर कर्ज १२,८०० वर येतं, महिन्याचं व्याज ३८४ होतं. महिन्याला २१६, वर्षाला २,५९२ रुपये वाचले. बँकेत ठेवून एवढं व्याज कोण देणार आहे?

आणि व्यापाऱ्याचं कर्ज नुसत्या व्याजाचं नसतं. उचल घेतली की मासळी त्यालाच घालावी लागते, तो म्हणेल त्या भावानं. किलोमागं दहा रुपये कमी दिले तरी तोंड उघडता येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, परताव्याचा पहिला हक्क मासळीला बांधून ठेवणाऱ्या कर्जाचा. मच्छीमारांनाही २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मिळतं. व्याज ७ टक्के, वेळेवर फेडलं तर सवलत धरून ४ टक्के. शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के. कुठं ४ आणि कुठं ३६, हिशेब घरी बसून करा.

परताव्याचा अनुभव आपल्यापेक्षा खाली किनाऱ्यावर जास्त आहे. आपल्या पेजवर बोटवाले पाहुणेही आहेत, म्हणून त्यांच्यासाठीही लिहितो. महाराष्ट्रात यांत्रिक बोटीच्या डिझेलवरचा विक्रीकर सरकार परत देतं. बोटवाला पंपावर पूर्ण भावानं डिझेल घेतो, बिलं सोसायटीमार्फत मत्स्यव्यवसाय खात्याकडं जातात आणि कराचे पैसे मागाहून खात्यात येतात. ते महिनोन् महिने अडकतात हे तुम्हाला सांगायला नको. तोवर बोट बंद ठेवता येत नाही, मग डिझेल उधारीवर. परतावा एकदम मोठा आला की वाटतं लॉटरी लागली. पण तो येण्याआधीच पंपवाल्याच्या आणि दलालाच्या वहीत खर्च झालेला असतो. आधी ती वही कोरी करावी.

अजून एक गोष्ट, कुणाला आवडो न आवडो. वाटणीवर चालणाऱ्या बोटीत आधी डिझेल, बर्फ, रेशन असा खर्च वजा होतो, मग मालक आणि खलाशी यांची वाटणी होते. म्हणजे डिझेलचा पूर्ण भाव खलाशाच्या वाट्यातूनही गेलेला असतो. मग त्यावरचा कर परत आला तर तो एकट्या मालकाचा कसा? मालक म्हणेल, उधारीचा भार मी सोसला, कागद मी केले. बरोबर आहे, त्याचं जे काय असेल ते वजा करा. पण उरलेलं वाटणीत धरा. तांडेल आणि खलाशी टिकवायचे असतील तर हाच सरळ रस्ता.

कर्जानंतर नंबर होडीचा आणि जाळ्याचा. परतावा येतो तो बहुतेक ऐन पावसाळ्यात. त्या वेळी जांबोटीत नदीला पाणी लागलेलं, होडी वर ओढलेली, कमाई थांबलेली. होडीचं डांबर, फाटलेलं जाळं, नवी दोरी ही कामं तेव्हाच उरकली तर पाणी उतरल्यावर उधारी करायला लागत नाही.

मग सणाला काहीच नाही का? आहे की. मी काय दगड नव्हे. दहातले दोन वाटे गणपतीला, पोरांच्या कपड्याला घाला. पण आठ वाटे ठरल्या जागी जाऊ देत. आणि हे ठरवताना घरच्या बाईला बाजूला ठेवू नका. मासे विकायला ती बसते, जाळं शिवायला ती असते, पण परताव्याचा मेसेज येतो नवऱ्याच्या मोबाईलवर. तिला आकडा माहीत असला की अर्धे पैसे आपोआप वाचतात, हा माझ्या घरचा अनुभव.

आता सावध करायच्या गोष्टी. परतावा वाढवून देतो, त्यातला हिस्सा द्या, असं सांगणारे एजंट फिरतात. ते खोटा विमा, खोटी देणगी, खोटं घरभाडं दाखवतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानं अशा खोट्या दाव्यांवर देशभर कारवाई केली. पकडलं गेलं तर कर, व्याज आणि चुकवलेल्या कराच्या दुपटीपर्यंत दंड भरायला लागतो, आणि तो एजंट नव्हे, तुम्ही भरायचा. तसंच "रिफंड आलाय, लिंक दाबा" असा मेसेज आला तर दाबू नका. ओटीपी कुणालाच द्यायचा नाही. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा आणि पॅन जोडलेलं खातं द्या, तेवढं पुरे.

ज्यांच्या म्हाताऱ्या आईबापांच्या ठेवी बँकेत आहेत, त्यांनी पॅन दिलं आहे का बघा. पॅन नसेल तर १० ऐवजी २० टक्के कापतात. कर बसत नसेल तर टीडीएस कापू नका असा फॉर्म वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत भरून देता येतो. पैसे कापलेच नाहीत तर परताव्याची वाट बघायलाच नको.

तो सभासद दुसऱ्या दिवशी परत आला. ५,००० व्यापाऱ्याला देऊन आला होता, वहीवर सही घेऊन. म्हणाला, "टीव्ही पुढच्या वर्षी." मी म्हटलं, पुढच्या वर्षी व्याजातून वाचलेल्या पैशाचा घे, मी चहा पाजतो.

कुणाला हिशेब मांडून बघायचा असेल तर वही घेऊन ऑफिसात या. लाजू नका, कर्ज सगळ्यांना आहे.

आपला,
सचिव